विल, शॅल आणि ‘आलोच’

इंग्रजी भाषेला भविष्यकाळ आहे की नाही, हा वाद, जेथे वैशाखात आंब्याच्या भावाविषयी आणि ज्येष्ठात पावसाच्या आगमनाविषयी बोलून झाल्यावरच इतर विषयांना वाव मिळतो, अशा रत्नागिरी शहरात कोणी उपस्थित करील, अशी कल्पना सहसा कोणी करणार नाही. तथापि १८२८ सालापासून चालत आलेल्या येथील नगर वाचनालयात वर्तमानपत्रे चाळण्याच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या दोन वृद्ध गृहस्थांमध्ये तो एका सायंकाळी असा काही जुंपला की, शेजारच्या मेजावरच्या वाचकांनी आपापली पाने मिटून कान तिकडे लावले. त्यांपैकी एक निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांना सारे गाव नुसते ‘मास्तर’ म्हणते. दुसरे दिवाणी वकील; त्यांची हयात खरेदीखते, बक्षीसपत्रे, कुलमुखत्यारपत्रे आणि आंब्याच्या बागांचे करारनामे यांचे मसुदे करण्यात गेली. वादाचे मूळ वकिलांच्या नातवाच्या वहीत होते. त्याने गाळलेल्या जागा भरताना सर्वत्र ‘विल’ हा एकच शब्द लिहिला होता, आणि बाईंनी त्यांतल्या बहुतेकांवर तांबडी फुली मारली होती. जे ऐकले ते, मधले खोकणे आणि इतर व्यत्यय वगळून, येथे देत आहे.

वकील : मास्तर, तुम्ही निवाडा करा. पोराने लिहिले, ‘लुक ॲट दोज क्लाउड्स, इट विल रेन.’ बाईंनी ‘विल’ खोडून वर ‘इज गोइंग टू’ लिहिले आहे. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली माणसे. पाऊस पडतो, पाऊस पडला, पाऊस पडेल; रेन्स, रेन्ड, विल रेन. तीन काळ, तीन रूपे. यात त्या पोराचा अपराध कोणता?

मास्तर : अपराध त्याच्या इंग्रजीत नाही, तुमच्या मराठीत आहे. मिऱ्याच्या बाजूने आभाळ काळेठिक्कर होऊन वारा फिरला म्हणजे तुमच्या घरातली माणसे ‘पाऊस पडेल’ असे म्हणतात काय? ‘पाऊस पडणार, वाळवण काढा’ असेच म्हणतात. ‘पडेल’ हा तर्क झाला. ‘पडणार’ म्हणताना पुरावा डोळ्यांसमोर असतो. बागायतदाराचे बोलणे आठवून पाहा. कलम मोहोराने भरले असेल तर तो ‘यंदा आंबा येणार’ म्हणतो. मोहोराच्या जागी नुसती पालवी फुटलेली दिसली की तोच मनुष्य आवाज खाली आणून ‘येईल थोडाफार’ म्हणतो. इंग्रजाचे ‘गोइंग टू’ आणि ‘विल’ यांच्यात पुष्कळ अंशी हेच अंतर आहे. नातवाला तुम्ही ढग दाखवले आणि रूप मात्र तर्काचे दिले.

वकील : हे ऐकायला गोड आहे, पण मला नियम हवा. न्यायालयात आणि परीक्षेत कान चालत नाही, कलम चालते. आमच्या मास्तरांनी नियम दिला होता : प्रथम पुरुषी शॅल, द्वितीय व तृतीय पुरुषी विल; आणि निश्चय किंवा आज्ञा दाखवायची असल्यास याच्या उलट. त्याबरोबर गोष्टही सांगितली होती. पाण्यात पडलेला कोणी परदेशी ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडला, आणि काठावरच्या व्याकरणशुद्ध इंग्रजांनी, हा मरण्याचा निर्धार करून बसला आहे व कोणी वाचवू नये अशी त्याची सक्त ताकीद आहे, असे समजून त्याला खुशाल बुडू दिले.

मास्तर : गोष्ट मजेची आहे, परंतु तो नियम ज्याने ग्रंथात घातला त्याचाही इतिहास ऐका. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डचा गणिताचा प्राध्यापक. त्याने १६५३ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले तेही लॅटिनमध्ये, आणि मुख्यतः परकीयांच्या सोयीसाठी. गणितज्ञाला पुरुष आणि रूप यांचे असे सुबक कोष्टक आवडावे हे स्वाभाविकच आहे. पुढे अडीचशे वर्षे शाळामास्तरांनी ते घोकून घेतले. आणि १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’ लिहिणारे फाउलर बंधू या दोन शब्दांवर पाने खर्ची घालतात आणि वर असेही सुचवतात की, ज्याचा जन्म दक्षिण इंग्लंडात झाला त्याला हे आपोआप येते, इतरांना ते साधणे दुरापास्त आहे! म्हणजे स्कॉटलंडच्या मनुष्याला जे अवघड, ते तुम्ही राजिवड्याच्या पोराकडून पाठ करून घेणार.

येथे वकील हसले, पण माघार घेण्याच्या बेतात ते नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. हे त्यांचे उलटतपासणी सुरू करण्याचे चिन्ह आहे, असे त्यांचे जुने पक्षकार सांगतात.

वकील : ठीक. इंग्लंडात शॅल मेले असेल, पण माझ्या दप्तरात ते जिवंत आहे. १८६० च्या दंडसंहितेत प्रत्येक गुन्ह्यापुढे ‘शॅल बी पनिश्ड’ होते. जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, कलमांचे आकडे फिरले, शॅल जागचे हलले नाही. राज्यघटनेत राष्ट्रपतिपद निर्माण करणारे बावन्नावे कलमही शॅलवरच उभे आहे. मग भविष्यकाळाचे हे रूप निरुपयोगी कसे?

मास्तर : वकीलसाहेब, तुम्हीच माझी बाजू मांडलीत. चोराला शिक्षा ‘होईल’ असे संहिता म्हणते, ते जर भविष्यकथन असते तर ते किती वेळा खरे ठरले असते, हे तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. तो न्यायालयाला दिलेला हुकूम आहे. बावन्नावे कलम पुढे कधीतरी राष्ट्रपती असेल असा होरा सांगत नाही. असलाच पाहिजे, असे बजावते. शॅल या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘देणे लागणे’ असा होता, आणि विलचा ‘इच्छिणे’. एकात ऋण, दुसऱ्यात वासना. मृत्युपत्राला इंग्रजीत विल का म्हणतात, हे आता मी तुम्हांला सांगायला नको. इंग्रजी क्रियापद भूतकाळासाठी स्वतःचे अंग बदलते, वॉकचे वॉक्ड करते; उद्यासाठी मात्र त्याच्यापाशी असा एकही प्रत्यय नाही. म्हणून ते कधी इच्छेला, कधी ऋणाला, कधी चालण्याच्या क्रियेला, तर कधी सरळ वर्तमानकाळालाच उद्याच्या कामावर पाठवते. येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडिताने इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ मानण्याचेच नाकारले, ते याच कारणाने.

वकील : पण मराठीला तर आहे! करीन, करशील, करील. मग ज्या भाषेला भविष्यकाळ आहे, तिच्या मुलाला ज्या भाषेला तो नाही तिची गोष्ट सांगून काय मिळणार?

मास्तर : आपल्या भाषेला रूप आहे हे खरे, परंतु रूप आणि काळ एकच समजू नका. येथून गणपतीपुळ्याला गेले की जवळच मालगुंड लागते. त्या गावच्या दामल्यांच्या घरातले एक चिरंजीव केशवसुत म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले, ते मात्र फारसे कोणी उघडत नाही. त्यात क्रियापदाच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी प्रत्ययांवरून घेतलेली नावे आहेत. रूपाची गणना रूपाने व्हावी, अर्थाची अर्थाने, असा त्यामागचा विवेक. ‘ईल’ लागले म्हणजे भविष्यकाळ झालाच, असे नव्हे. दारावर थाप पडली की तुम्ही ‘पोस्टमन असेल’ म्हणता. पोस्टमन तर आत्ता, याच क्षणी, उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्यात भविष्य कोठले? आणि नवल असे की, इंग्रजही तेथे ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असेच म्हणतो. ‘एव्हाना गाडी चिपळूणला पोचली असेल’ यालाही त्याचे ‘विल हॅव रीच्ड’ बरोबर जुळते.

या स्थळी मास्तरांची सरशी होत आहे असे वाटले; परंतु वकिलांनी पुढे जे मांडले त्याला, माझ्या मते, मास्तरांपाशी पुरते उत्तर नव्हते.

वकील : जुळते तेथे जुळते, आणि जुळत नाही तेथे पोर खड्ड्यात पडते. तुमच्या मराठीने शिकवायचे म्हणता ना? ऐका. निरोप घेताना मी म्हणतो, ‘उद्या येतो.’ फोन वाजला की म्हणतो, ‘थांब, मी घेतो.’ फलाटावर विचारले तर सांगतात, ‘गाडी दहाला सुटते.’ तीनही ठिकाणी आपले एकच रूप. आता इंग्रजी करा. पहिल्याला ‘आय विल कम’ किंवा सगळे ठरलेच असेल तर ‘आय ॲम कमिंग’, दुसऱ्याला ‘आय विल टेक इट’, आणि फक्त तिसऱ्याला ‘लीव्ह्ज’. ‘आय कम टुमारो’ असे लिहिणारे अर्ज मी जन्मभर पाहिले आहेत. ती चूक पाठमालेने शिकवलेली नाही, मास्तर. ती आईच्या दुधातून आलेली आहे.

मास्तर : मान्य. वेळापत्रकाने किंवा पंचांगाने जे बांधून ठेवले आहे तेवढ्यालाच इंग्रज साधा वर्तमानकाळ देतो. गाडी, सूर्योदय, न्यायालयाची सुट्टी. जूनमध्ये कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्यांच्या वेळा बदलतात, तरी रूप ‘लीव्ह्ज’ हेच राहते. कारण वेळ बदलली तरी ती कोणीतरी ठरवून छापलेली असते. प्रत्यक्ष गाडी केव्हा येते, हा निराळा प्रश्न आहे आणि तो व्याकरणाच्या अखत्यारीत येत नाही. मनुष्याच्या येण्याला मात्र त्याला छापील वेळापत्रकाचा मान द्यावासा वाटत नाही.

वकील : आणि आम्ही देतो!

मास्तर : आपण देतो, आणि त्यात आपला एक स्वभाव दिसतो. रत्नागिरीत जेवणाचे आमंत्रण करून पाहा. ‘बघू, येईन’ म्हणणाऱ्याचे पान कोणी वाढून ठेवीत नाही. ‘येतो’ म्हणणाऱ्याचे ठेवतात. ज्याला व्याकरण भविष्यकाळ म्हणते तेच रूप आपल्याकडे सर्वांत कच्चे, आणि वर्तमानकाळ पक्का. ‘आलोच’ ही तर त्यावर कडी. मनुष्य अजून न्हाणीघरात असतो, अंगावर पाणी घेत असतो, आणि भूतकाळाच्या रूपाने हाक देतो की आलोच! म्हणजे जे व्हायचे आहे त्याची खात्री जितकी अधिक, तितके आपण मागच्या काळाकडे सरकतो. खाली मालवणीत ‘येतलंय’, आणि गोव्याच्या कोंकणीत तर ‘येतलों’ हे निश्चयाचे आणि ‘येयन’ हे संभवाचे अशी दोन रूपे वेगळी नांदतात. या किनाऱ्यावरच्या माणसाला भविष्य एकाच रूपाने बोलण्याची सवय कधीच नव्हती.

वकील : सवय नव्हती म्हणूनच मी एक रूप मागतो. दुसरी फुली पाहा. ‘इफ इट विल रेन’ लिहिले म्हणून मारली. ही तरी कोणाच्या माथी मारता?

मास्तर : ही तुमच्या पाठमालेच्या. कारण मातृभाषेत तो मुलगा ‘पाऊस पडला तर’ असे म्हणतो. पडेल नाही, पडला! ‘पोचलास की फोन कर’ असे आई बजावते. पोचशील की, असे नाही. अट घालताना मराठी भूतकाळाकडे जाते, इंग्रजी वर्तमानकाळाकडे. भविष्यरूपाला दोघीही त्या जागेवर बसू देत नाहीत. ‘उद्याची गोष्ट आली की विल घाल’ हे ज्याने त्याला शिकवले, त्याने त्याच्या कानावर असलेली जन्मजात खबरदारी पुसून टाकली.

वकील : थांबा. ‘जेव्हा येशील तेव्हा सांग’ हे मराठी नव्हे काय? ‘जर पाऊस पडेल तर’ असे कोणी बोलतच नाही, असे शपथेवर सांगाल?

मास्तर थोडे थांबले. ‘शपथेवर नाही सांगत,’ असे म्हणून त्यांनी एवढेच जोडले की, बोलण्यात ‘पडला तर’चाच भरणा अधिक असतो, आणि हा मुद्दा तेथेच राहिला. वादविवादात अनिर्णीत राहिलेले मुद्दे लेखकाने आपल्या पदरचे उत्तर देऊन बुजवू नयेत, असे मला वाटते.

पुढचा प्रसंग मात्र वकिलांच्या धंद्यातला होता, आणि तेथे वादाला निराळेच वळण लागले. एका मुंबईकर पक्षकाराला त्यांनी इंग्रजीत निरोप पाठवला होता, ‘विल यू कम टु द ऑफिस ऑन मंडे?’ त्यांना केवळ तो येणार आहे किंवा कसे एवढेच जाणून घ्यायचे होते. पक्षकाराने ते बोलावणे समजून, रजा काढून, रात्रीच्या गाडीने रत्नागिरी गाठली, आणि वकील त्या दिवशी तारखेसाठी खेडला गेलेले.

मास्तर : मराठीत विचारले असते तर काय विचारले असतेत?

वकील : ‘सोमवारी येणार आहात का?’

मास्तर : ‘याल का?’ असे नाही?

वकील : छे! ‘याल का’ म्हणजे विनंती झाली.

मास्तर : मग इंग्रजीत तीच केलीत तुम्ही. ‘विल यू कम’ हे ‘याल का’. चौकशीपुरते बोलायचे तर ‘विल यू बी कमिंग’; येणे तुमच्या मनाने ठरलेच असेल तर ते मला कळू द्या, मी तुम्हांला ओढून आणत नाही, असा त्यातला अदब. शाळेत हे अपूर्ण भविष्यकाळ म्हणून शिकवतात आणि ‘मी खात असेन’ असे त्याचे भाषांतर घोकवतात. ‘उद्या याच वेळी मी गाडीत असेन’ अशा वाक्यात ते ठीकच आहे. पण त्याचा हा दुसरा, सभ्य चौकशीचा उपयोग कोष्टकात कधीच आला नाही. कबुलायतीत तुम्ही ‘देईन’ आणि ‘देणार आहे’ यांत फरक करता की नाही?

वकील : करतो म्हणजे काय! ‘अमुक तारखेस रक्कम देईन’ हा बांधणारा शब्द आहे. ‘देणार आहे’ ही नुसती मनातली गोष्ट झाली. उद्या म्हणेल, इरादा होता, बदलला. मसुद्यात ‘देणार आहे’ दिसले की मी खोडतो.

मास्तर : म्हणजे तुम्ही रूपाला विचारता की तू कोणत्या जोरावर उभे आहेस, वचनावर, की इराद्यावर. इंग्रजीच्या प्रत्येक रूपाला हेच विचारायचे असते. समोर पुरावा दिसत असेल किंवा आधीच मनात ठरवलेले असेल तर गोइंग टू. दुसऱ्याशी बोलून दिवस मुक्रर झाला असेल तर ‘आय ॲम मीटिंग हिम’. छापील तक्ता असेल तर साधा वर्तमान. ऐनवेळचा निर्णय, वचन किंवा निव्वळ तर्क असेल तर विल. हुकूम असेल तर तुमचे शॅल. तारीख सगळ्यांची उद्याचीच असू शकते; वेगळा असतो तो दाखला.

वकील : आणि सरकारी?

मास्तर : त्यासाठी ‘इज टू’ आहे. ‘द मिनिस्टर इज टू व्हिजिट.’ वरून ठरले आहे, अशी त्यात खूण असते. कोणी ठरवले ते सांगितलेच पाहिजे असे बंधन नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याहून सोयीचे रूप काढले आहे : ‘होऊ घातलेला’. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी फ्रेंच कंपनीशी डिसेंबर २०१० मध्ये करार झाले. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या. तेव्हापासून तो होऊ घातलेला आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि पुऱ्या होण्याच्या मुदती पुनःपुन्हा पुढे गेल्या. तेथे ‘होईल’, ‘होणार’, ‘होणारच’, ‘होत आहे’ आणि ‘होणार होता’ ही पाचही रूपे आपण एकाच रस्त्यासाठी वापरली. अशा रस्त्याच्या काठी वाढलेल्या मुलाला भविष्यरूपांतले तारतम्य कळणार नाही, हे मला खरे वाटत नाही.

वकील : कळेल हो. पण दहावीच्या परीक्षकाला त्याचे तारतम्य नको असते, उत्तर हवे असते. आणि मी सांगतो, दस्तऐवजात मी शॅलच लिहिणार.

मास्तर : जरूर लिहा. हे ‘लिहिणार’ मात्र इंग्रजीत कसे कराल?

वकील : ‘आय ॲम गोइंग टू राइट शॅल.’

मास्तर : इतका वेळ तेच तर सांगत होतो.

वकिलांनी हे कबूल केले नाही. नातवाची वही मिटून ते एवढेच म्हणाले की, बाईंनी नुसत्या फुल्या मारण्याऐवजी चूक का, ते समासात लिहायला हवे होते. आणि या एका गोष्टीवर दोघांचे मतैक्य होऊन वाचनालय बंद होण्याची वेळ झाल्याने मंडळी उठली.

मला स्वतःला वकिलांची मागणी गैरवाजवी वाटत नाही. तर्खडकरांच्या पाठमालेने या महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या दारापर्यंत आणून सोडले, आणि कोष्टक नसते तर त्यांतले पुष्कळजण दारापर्यंतही पोचले नसते. ‘येतो’चा इंग्रजीत तसाच्या तसा वर्तमानकाळ करण्याचा धोकाही खराच आहे. परंतु २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. आठवीत किंवा पाचवीत इंग्रजीला प्रथमच हात लावणाऱ्या मुलाला जे संक्षेपाने द्यावे लागत होते, ते पहिलीपासून शिकणाऱ्याला तसेच द्यावे, याला आता कारण उरलेले नाही. म्हणून आपल्या शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. गाळलेली जागा फळ्यावर लिहिण्याआधी बोलणारा कोण, त्याने कधी ठरवले आणि कशावरून तो बोलत आहे, एवढे वाक्याच्या मागे जोडून द्या. मुलाला ते प्रथम मराठीत, मनात येतील त्या सगळ्या रूपांनी म्हणू द्या. आणि जेथे मराठी त्याला चकवणार आहे, ती ‘येतो’, ‘घेतो’, ‘सुटते’ची ठिकाणे त्याला स्वतः दाखवून द्या. ‘विल’ म्हणजे ‘ईल’ हे समीकरण मात्र फळ्यावर लिहू नका.